सिंकखालचा कनेक्शन पाईप पुन्हा फुटला? प्रेशरला दोष देण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरला सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. ओट्यावर एका दांडीचा गरम-गार मिक्सर आहे आणि त्याच्या खालच्या दोन जाळीच्या पाईपांपैकी (हेच कनेक्शन पाईप) गरम पाण्याचा पाईप मधोमध फुगून फुटला, दोन वर्षांत दुसऱ्यांदा. प्लंबरचं म्हणणं की तुमच्याकडे प्रेशर जास्त आहे, तेव्हा प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवू आणि आलोच आहोत तर दोन्ही अँगल कॉकही (सिंकखाली भिंतीतले पाणी बंद करायचे छोटे नळ) बदलून टाकू. पाईप स्वतः बदलता येईल का, कुठला घ्यावा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप किती गुंडाळावी, असं तुम्ही विचारलंय.

पाईप तुम्ही नक्की बदलू शकता. पण तो पुन्हा का फुटला हे कळलं नाही तर तिसराही फुटेल. शिवाय या कामात एक जागा अशी आहे जिथे हात लावला तर टाइल फोडायची वेळ येते. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो.

आधी प्रेशरचं बघू, कारण तिथे साधा हिशोब करता येतो. गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या मजल्यावरच्या ओट्यापासून टाकीपर्यंत फार तर १५-१६ मीटर भरतील, म्हणजे दीड बारच्या आसपास. बाजारातल्या बऱ्या कनेक्शन पाईपवर १० बारचा आकडा छापलेला असतो. दीड बारने तो फुटत असेल तर दोष दाबाचा कसा म्हणायचा? इमारतीत प्रेशर पंप बसवलेला असेल, किंवा रो-हाऊसमध्ये असते तशी कॉर्पोरेशनची डायरेक्ट लाइन थेट ओट्यावर आली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पंप चालू-बंद होताना किंवा नळ झटक्यात बंद करताना दणका बसतो आणि तो आकडा बराच वर जातो. तुम्ही पंपाचा उल्लेख केलेला नाही. सोसायटीत एकदा विचारून घ्या. पंप नसेल तर त्या व्हॉल्व्हचा खर्च करू नका. वरच्या मजल्यांवर तर अशा व्हॉल्व्हने उलट नळाची धार मरते.

मग फुटला कशामुळे? तुम्ही टाकलेल्या फोटोत पाईपच्या मागे टॉयलेट क्लीनरची बाटली दिसते आणि तिच्या शेजारी पांढरी पिशवी, बहुतेक ब्लीचिंग पावडरची. माझा संशय तिथूनच सुरू होतो. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. झाकण कितीही घट्ट लावा, थोडी वाफ बाहेर येतेच, आणि सिंकखालच्या बंद कपाटात ती कोंडून राहते. ब्लीचिंग पावडरमधून क्लोरीन सुटतो. स्टेनलेस स्टीलचं क्लोराईडशी वैर आहे. पत्र्याच्या सिंकला त्याचा फारसा त्रास जाणवत नाही, कारण पत्रा जाड असतो आणि रोज धुतला जातो. जाळीची तार केसाएवढी बारीक. तिच्यावर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी ती तुटते. एकेक तार तुटत गेली की आतली रबरी नळी त्या जागी उघडी पडते, फुगा येतो आणि एक दिवस फुटतो. मधोमध फुगलेला पाईप बहुतेक वेळा हीच कहाणी सांगतो. जुना पाईप अजून असेल तर त्यावर बोट फिरवून बघा. तारा टोचत असतील आणि तपकिरी ठिपके असतील तर निदान पक्कं. (बोट जपून फिरवा, तुटकी तार सुईसारखी आत जाते.)

गरम बाजूचाच का, हेही त्यात बसतं. उष्णतेने गंज वेगात चढतो आणि आतलं रबर लवकर कडक होतं. तुमच्याकडे गच्चीवर सोलर असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाला हात लावता येत नाही इतकं पाणी तापतं, आणि तेव्हा गरम पाणी कोणी वापरत नाही, त्यामुळे ते पाईपात तसंच उभं राहतं. किचनमध्ये छोटा इन्स्टंट गिझर असेल तर ताण त्यामानाने कमी.

दुसरं कारण पीळ. पाईप बसवताना नट फिरवला की पाईपही सोबत फिरतो, ते लक्षात येत नाही आणि तो पिळलेल्या अवस्थेतच घट्ट होतो. पिळलेली जाळी एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला ताणलेली राहते. तिसरं कारण बाक. टोकाच्या धातूच्या टोपणातून बाहेर पडल्या पडल्या पाईप मोडला असेल तर तो तिथेच जातो. टोपणापासून निदान दोन-तीन इंच सरळ गेल्यावरच वळण यावं, आणि तेही मोठं. पण या दोन्ही कारणांनी पाईप बहुधा टोकाशी फुटतो. तुमचा मधोमध गेलाय, म्हणून मी बाटलीकडे बोट दाखवतो.

आता खरेदी. जुना पाईप पुढे सांगतो तसा काढा आणि सोबत घेऊन दुकानात जा. फोनवरून वर्णन करून मागवू नका. एका दांडीच्या मिक्सरच्या पाईपला वरच्या बाजूला बारीक आटे असतात, १० एमएमचे, आणि खाली अर्धा इंची नट. साध्या स्वान नेक (वाकड्या मानेच्या) नळाला अर्धा इंची शेपूट असते, त्यामुळे त्याच्या पाईपला दोन्हीकडे अर्धा इंची नट लागतात. दुकानदार घाईत असला की दुसराच हातात ठेवतो. मिक्सरचे पाईप जोडीने घ्या, कारण त्यातल्या एकाची मान लांब असते आणि दुसऱ्याची आखूड. नळाच्या पोटातली दोन छिद्रं इतकी जवळ असतात की दोन्ही षटकोनी माना एकाच उंचीवर आल्या तर पाना फिरत नाही. एकच फुटला असला तरी दुसऱ्याचं वय तेवढंच आहे, आणि त्याच कपाटात त्यानेही तीच वाफ खाल्ली आहे. ऑनलाइन मागवलेल्या परदेशी नळांना कधीकधी ३/८ इंची नट येतो, तो आपल्या अर्धा इंची अँगल कॉकवर बसत नाही. त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो.

लांबी मोजताना दोरी वापरा. नळाच्या तळापासून अँगल कॉकपर्यंत दोरी सैल, मोठ्या वळणाने सोडा आणि तेवढी लांबी धरा. १८ इंची आणि २४ इंची पाईप सहज मिळतात. ताणून बसवलेला १८ इंची घेण्यापेक्षा २४ इंची बरा, पण ३६ इंची घेऊन त्याची वेटोळी करू नका. नळ ओट्याखाली जिथे घट्ट होतो तिथे हात घालायला जागा कमी असते आणि जादा लांबीचा पाईप मोडतोच.

दर्जा कसा ओळखायचा? दुकानात काही जण लोहचुंबक लावून दाखवतात: चिकटला नाही तर ३०४ स्टील, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस. ही परीक्षा पत्र्याला बरी चालते, तारेला तेवढी नाही. ३०४ ची तार ओढून बारीक करताना तिच्यात थोडं चुंबकत्व येतं, म्हणजे चांगला पाईपही किंचित चिकटू शकतो. उलट अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची जाळी अजिबात चिकटत नाही आणि अ‍ॅसिडपुढे ती सगळ्यात आधी लोटांगण घालते. ती ओळखायला नखाने खरवडा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, चरा पडतो, आणि पाईप हातात घेतल्यावर संशय यावा इतका हलका लागतो. नट पितळेचा हवा. वर क्रोम असलं तरी आतून आटे पिवळे दिसले पाहिजेत. भांडी बाजारात घासाघीस करून पितळ पारखणाऱ्या नाशिककरांना हे शिकवायला नको, तरी हार्डवेअरच्या दुकानात आपण तेच विसरतो. प्लॅस्टिकचा नट थंड बाजूला काही वर्षं काढतो, गरम बाजूला घेऊ नका. आतली नळी कशाची आहे ते पॅकिंगवर लिहिलेलं असतं. ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) असेल तर गरम पाण्यालाही चालते. काहीच लिहिलेलं नसेल तर तो पाईप ठेवून द्या. चांगल्या-वाईटात फरक शे-दोनशे रुपयांचा असतो आणि खाली राहणाऱ्याच्या छताचा रंग त्याहून महाग पडतो.

हत्यारं फारशी लागत नाहीत: एक स्क्रू पाना, १०-११ चा पाना, बादली, जुनं फडकं, टॉर्च. काम सुरू करताना गिझर बटणावरून बंद करा आणि थंड व गरम दोन्ही अँगल कॉक बंद करा. फक्त गरम बंद करून भागत नाही. मिक्सरमध्ये दोन्ही पाणी एकत्र येतात, त्यामुळे दांडी मधे असेल तर थंड बाजूचं पाणी सोडलेल्या पाईपातून खाली येऊ शकतं. नळ उघडून दाब उतरवा. धार पूर्ण थांबत नसेल तर कॉक आतून गेलाय. मग डक्टमधला किंवा गच्चीवरचा तुमच्या किचनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. तो कुठला हे वॉचमनला विचारा, नाहीतर वरच्या वहिनी आंघोळीत असताना त्यांचं पाणी जाईल. सोलरच्या लाइनला व्हॉल्व्ह वेगळा असतो. तो राहिला तर पाईप सोडल्याबरोबर हातावर कढत पाणी येईल.

खालचा नट आधी सोडा, खाली बादली ठेवून. मग वरून बारीक आट्यांचा पाईप. तिथे पाना चालवायची जागा नसेल तर नळ ओट्यावरून सैल करून वर उचलणं सोपं पडतं. खालच्या बाजूने घोड्याच्या नालेच्या आकाराची पत्ती आणि एक लांब नट असतो, तो काढला की नळ पाईपांसकट वर येतो. नवे पाईप मग टेबलावर बसवून घ्या. सिंकखाली उताणं पडून केलेल्या कामापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

नवा पाईप जोडण्याआधी एक गोष्ट करा, जी घाईत राहून जाते. अँगल कॉकच्या तोंडाशी बादली धरा आणि कॉक क्षणभर पूर्ण उघडा. लाइनमधली वाळू, गंज, क्षाराचे तुकडे बादलीत येतात. हे न करता पाईप जोडला तर तो कचरा थेट मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये (दांडीखालच्या, पाणी सोडणाऱ्या भागात) जातो, आणि मग “पाईप बदलल्यापासून धार बारीक झाली” ही तक्रार येते. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर लाइन पुन्हा भरते तेव्हा तर असा कचरा हमखास असतो. नळाच्या तोंडाची जाळीही काढून ठेवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत बसवू नका.

आता टेफ्लॉन. तुम्ही ‘किती’ विचारलंत, पण इथे ती लागतच नाही. कनेक्शन पाईपच्या अर्धा इंची नटात चपटा रबरी वॉशर असतो. तो कॉकच्या तोंडावर दाबला जातो आणि पाणी तिथेच अडतं. आटे फक्त दाबायचं काम करतात. आट्यांवर टेप गुंडाळली की नट पूर्ण आत जात नाही, वॉशर अर्धवट दबतो आणि पाणी टेपमधून पाझरतं. मग माणूस आणखी टेप लावतो. वरच्या बारीक आट्यांच्या टोकाला ओ-रिंग (रबराची गोल कडी) असते, तिथेही टेप नको. टेप लागते ती कॉक भिंतीत बसवताना, कारण तिथे वॉशर नसतो आणि पाणी आट्यांमध्येच अडवायचं असतं.

वरचा पाईप हाताने घट्ट करा. पाना लावलाच तर अगदी थोडा, कारण ओ-रिंग चिरडली की संपली. आखूड मानेचा आधी, लांब मानेचा नंतर. खाली नट हाताने फिरवत पूर्ण बसवा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. हे करताना दुसऱ्या हाताने पाईपचं टोपण धरून ठेवा म्हणजे पीळ पडत नाही. जाळीवर उभी रेघ किंवा रंगीत धागा असेल तर ती रेघ सरळ राहिली की समजायचं. नट सुरुवातीलाच अडकायला लागला तर जोर करू नका. आटे तिरपे लागलेत, मागे घेऊन परत बसवा. वॉशर आधीच नटात असतो, त्यावर दुसरा ठेवू नका. काही ठिकाणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर करण्याची पद्धत आहे. थंड बाजूला चालतं, गरम पाण्याने ते रबर काही महिन्यांत लाकडासारखं कडक होतं.

आणि आता ती जागा, जिला हात लावू नका असं मी सुरुवातीला म्हणालो: अँगल कॉक. पाईप फुटला म्हणून कॉक बदलायचं काही कारण नसतं. तो पूर्ण बंद होत असेल आणि दांडीतून गळत नसेल तर त्याला राहू द्या. कॉक भिंतीतल्या एल्बोमध्ये (पाईपच्या वळणाच्या जोडात) बसलेला असतो. तुमची इमारत फार जुनी नसेल तर ती लाइन बहुधा सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकची) असणार, म्हणजे प्लॅस्टिकच्या एल्बोत पितळेचे आटे. कॉक जाम असेल आणि तुम्ही लांब पाना लावून जोर दिला तर तो जोर त्या प्लॅस्टिकवर जातो. पितळ आत फिरतं किंवा एल्बोला चीर पडते. बाहेरून काही दिसत नाही, आणि आठवड्याने शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. पंचवटी किंवा जुन्या नाशिकमधल्या घरांत जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन असेल तर आणखी वाईट, कुजलेली निपल (जोडाचा आखूड पाईप) आतच मोडते. कॉक खरोखर बदलायचाच असेल तर ते काम प्लंबरकडून करून घ्या, आणि एल्बोला हादरा लागला तर टाइल कोण फोडणार आणि कोण बसवणार हे आधी ठरवा. टेप आट्यांच्या फिरण्याच्या दिशेने आठ-दहा वेढे, आणि कॉकचं तोंड सरळ करण्यासाठी घट्ट केलेला कॉक मागे फिरवायचा नाही. मागे फिरवला की टेपची पकड सुटते. काढून, नवी टेप लावून परत बसवायचा. काम करणारा हे पाळतो का, तेवढं उभं राहून बघा.

आरओ असेल तर त्याची तीन तोंडी वाटणी थंड अँगल कॉकवर बसवलेली असते. तिथे दोन जास्तीचे जोड आणि एक बारीक नळी आहे. सिंकखालची गळती शोधताना मी तिथे आधी हात फिरवतो, निम्म्या वेळा तिथूनच असते. तुमचा पाईप उघड फुटलाय म्हणून तो प्रश्न आज नाही. पण पुढे कधी नुसती ओल दिसली तर सगळं कोरडं पुसून टिश्यू पेपर वरून खाली प्रत्येक जोडाला लावत या. पाणी पाईपवरून ओघळत खालच्या नटावर थेंब धरतं आणि दोष त्या नटाला मिळतो. नळ बंद असतानाही गळत असेल तर दाबाच्या बाजूचा जोड. फक्त सिंकमधून पाणी जाताना गळत असेल तर खालचा वेस्ट पाईप. आणि भांडी घासतानाच ओल येत असेल तर नळाच्या बुडाशी ग्रॅनाइटवर साचलेलं पाणी छिद्रातून खाली उतरतंय.

तुमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं का हेही एकदा पाहा. गंगापूर आणि मुकणे धरणांचं पाणी त्यामानाने सौम्य आहे. पण शहराच्या कडेच्या भागांत सोसायट्या टाकीत बोअरचं पाणी सोडतात, आणि बेसॉल्टच्या खडकातलं पाणी बरंच जड निघू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगला धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. २०० च्या बऱ्याच पुढे असाल तर अँगल कॉक क्षाराने जाम होतात. ते दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून परत उघडायची सवय ठेवा, म्हणजे पाईप फुटेल त्या दिवशी ते फिरतील.

जोडणी झाली की कॉक हळू उघडा, आधी थंड, मग गरम. दहा मिनिटं थांबून टिश्यू लावा. रात्री सिंकखाली एक कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा आणि सकाळी टाकी भरल्यावर बघा. थेंब दिसला तर नट आणखी पाव फेरा, त्याहून जास्त नको. तरीही थेंब राहिला तर नट सोडून वॉशर तिरपा बसलाय का ते बघा. नुसता आवळत राहिलात तर वॉशर कापला जाईल. आणि टॉयलेट क्लीनर, ब्लीचिंग पावडर बाथरूमच्या कपाटात हलवा. गिझरच्या किंवा बेसिनच्या जाळीच्या पाईपाजवळ तिथेही ठेवू नका.